काचपट्टीवरच्या पेशी : डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांची जीवनकथा

अमेरिकेत स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नियमित तपासणीसाठी जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या कानावर ‘पॅप’ हा शब्द पडतो. तो एखाद्या यंत्राचा किंवा रसायनाचा संक्षेप असावा, अशी अनेकींची समजूत असते. प्रत्यक्षात तो एका ग्रीक आडनावाचा तुकडा आहे. पापानिकोलाऊ हे लांबलचक आडनाव अमेरिकी जिभेला पेलले नाही, तेव्हा त्याचे पहिले अक्षरयुग्म उचलून व्यवहार सुरू झाला. ज्यांचे ते आडनाव होते ते जॉर्ज पापानिकोलाऊ १९६२ साली निवर्तले. त्यांच्या चाचणीमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग हा वेळीच पकडता येणारा आजार ठरला. त्यांनी असे काय पाहिले, जे इतरांना दिसले नव्हते, असा प्रश्न सहसा विचारला जातो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की दिसावे म्हणून त्यांनी काचपट्टी कशी तयार केली, आणि त्या तयारीसाठी कोणाचे किती आयुष्य खर्ची पडले.

जॉर्ज यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील एव्हिया बेटावरच्या कीमी या किनाऱ्यालगतच्या गावी झाला. वडील निकोलाओस हे गावचे डॉक्टर आणि सार्वजनिक जीवनातले वजनदार गृहस्थ होते. मुलाने वैद्यक शिकून गावात आपला दवाखाना पुढे चालवावा, ही त्यांची अपेक्षा. जॉर्ज यांनी निम्मी अपेक्षा पूर्ण केली. १९०४ साली त्यांनी अथेन्स विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. मात्र रुग्ण तपासत गावात आयुष्य काढण्यात त्यांचे मन रमेना. संगीत, तत्त्वज्ञान आणि जीवशास्त्र या तिन्हींचा ओढा होता; त्यात जीवशास्त्राची सरशी झाली. लष्करी सेवा आटोपून ते जर्मनीला गेले आणि १९१० साली म्युनिक येथे प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड हर्टविग यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता डॅफ्निया या पाण्यातील इवल्याशा जीवामध्ये लिंग कसे ठरते, हा. पुढच्या साऱ्या कामाचे बीज या पहिल्या प्रश्नात आहे. ते पुढे गिनीपिगपर्यंत आणि तिथून स्त्रीदेहापर्यंत पोहोचले, एवढेच.

त्याच वर्षी त्यांचा विवाह आंद्रोमाखी मावरोयेनी हिच्याशी झाला. घराणे लष्करी, मुलगी सुशिक्षित, फ्रेंच जाणणारी, पियानो वाजवणारी. अमेरिकेत आल्यावर आंद्रोमाखीची ‘मेरी’ झाली. नाव सुटसुटीत करून घेण्याचा हा विधी स्थलांतरितांच्या प्रत्येक पिढीला ठाऊक आहे. विवाहानंतर दोघे मोनॅकोला गेले. तेथील सागरविज्ञान संस्थेत जॉर्ज यांना काम मिळाले आणि प्रिन्स आल्बर्ट यांच्या सागरी मोहिमेतही त्यांनी भाग घेतला. १९१२ साली बाल्कन युद्ध पेटले तेव्हा ते मायदेशी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. तिथे त्यांची गाठ अमेरिकेहून स्वेच्छेने लढायला आलेल्या ग्रीक तरुणांशी पडली. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींनी अमेरिकेला जाण्याचा निश्चय पक्का झाला.

१९ ऑक्टोबर १९१३ रोजी हे जोडपे न्यूयॉर्कला उतरले. प्रवेशासाठी दाखवावे लागणारे २५० डॉलर कसेबसे खिशात होते. इंग्रजी दोघांनाही येत नव्हते. म्युनिकची डॉक्टरेट आणि अथेन्सची वैद्यकीय पदवी या दोन्हींचा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर काडीचा उपयोग नव्हता. गिंबल्स या प्रसिद्ध दुकानात दोघांनाही काम मिळाले. मेरी यांना आठवड्याला पाच डॉलरवर शिवणकाम, बटणे लावणे. जॉर्ज यांना गालिचे विकण्याचे. गालिचे विकण्याचा उद्योग एका दिवसापेक्षा जास्त टिकला नाही. मग त्यांनी उपाहारगृहांत व्हायोलिन वाजवले, ग्रीक भाषेतील ‘अटलांटिस’ या वृत्तपत्राच्या कचेरीत कारकुनी केली. हे हलाखीचे दिवस वर्षभराच्या आत सरले. कोलंबिया विद्यापीठातील आनुवंशिकीचे प्रख्यात संशोधक थॉमस हंट मॉर्गन यांना त्यांच्या डॅफ्नियावरील प्रबंधाची माहिती होती. त्यांच्या शिफारशीने न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या रोगनिदान विभागात शिरकाव झाला आणि १९१४ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागात कायमचे स्थान मिळाले. मेरी त्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून रुजू झाल्या आणि पुढची अनेक वर्षे विनावेतन राबल्या. पतीच्या नोकरीपायी आपले शिक्षण, आपले कौशल्य बाजूला ठेवून परदेशी आलेल्या आणि व्हिसाच्या अटींमुळे बिनपगारी झालेल्या आजच्या स्त्रियांना यात नवे काही वाटणार नाही.

विभागप्रमुख चार्ल्स स्टॉकार्ड हे मद्याच्या वाफेचा गिनीपिगच्या संततीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करत होते. पापानिकोलाऊ यांचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता. त्यांना बीजांड बाहेर पडण्याच्या नेमक्या आधीच्या अवस्थेतली बीजांडे हवी होती. अडचण अशी, की गिनीपिगच्या मादीत मासिक पाळीसारखी बाहेरून दिसणारी खूण नसते. तिचे चक्र कोणत्या टप्प्यावर आहे, हे कळायला मार्ग एकच, तो म्हणजे तिला मारून अंडाशय तपासणे. एका योग्य क्षणासाठी कितीतरी प्राणी व्यर्थ जात. हा अपव्यय त्यांना खटकत होता. सर्व सस्तन प्राण्यांत मादीच्या जननमार्गातून काही ना काही स्राव होत असला पाहिजे, तो फक्त डोळ्यांना दिसण्याइतका नसेल, असा तर्क त्यांनी केला. नाक तपासण्यासाठी वापरले जाणारे छोटे उपकरण विकत आणून त्यांनी गिनीपिगच्या योनिमार्गातून रोज स्रावाचा नमुना घ्यायला सुरुवात केली. काचपट्टीवर पसरलेल्या त्या थेंबात पेशींची एक सुसंगत मालिका दिसली. चक्राच्या प्रत्येक टप्प्याला पेशींचे रूप ठरल्याप्रमाणे पालटत होते.

१९१७ साली स्टॉकार्ड यांच्यासह त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. आता प्राणी न मारता, काचपट्टी पाहून, अंडाशयात काय चालले आहे हे सांगता येऊ लागले. ही साधी दिसणारी युक्ती अंतःस्रावशास्त्राला किती मोलाची ठरली, हे पुढच्या काही वर्षांत दिसले. १९२३ साली एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशयातील संप्रेरकाचा शोध घेताना नेमकी हीच कसोटी लावली. पापानिकोलाऊ यांनी पुढे आणखी काही केले नसते, तरी विज्ञानाच्या इतिहासात त्यांच्यासाठी एक परिच्छेद राखून ठेवावा लागला असता.

गिनीपिगनंतर साहजिकच मानवी स्त्रीचा विचार आला. रोज, नेमाने, वर्षानुवर्षे नमुना देणारी स्त्री कुठून मिळणार? ती घरातच होती. सुमारे दोन दशके मेरी यांनी स्वतःच्या शरीराचा नमुना पतीच्या अभ्यासासाठी दिला. मानवी ऋतुचक्रातील पेशींच्या बदलांवर पापानिकोलाऊ यांनी १९३३ साली जो विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या पायाशी या नमुन्यांची रास आहे. त्या जोडप्याला मूल नव्हते. दिवस प्रयोगशाळेत, संध्याकाळी प्रयोगशाळेतले काम घरी, सुट्ट्या जवळजवळ नाहीतच. काचपट्ट्या धुणे, नमुना पसरणे, रंगवणे, नोंदी ठेवणे आणि शिवाय घर चालवणे, हे सारे मेरी यांच्याकडे होते. याला त्याग म्हणून हळहळायचे, की दोघांनी मिळून निवडलेली जीवनरीत म्हणून पाहायचे, यावर वाद होऊ शकतो. ज्या चाचणीला जगाने नाव दिले त्यात निम्मे श्रम मेरी यांचे होते, यावर वाद होऊ नये.

निरोगी स्त्रियांबरोबर रुग्णालयातील आजारी स्त्रियांचेही नमुने तपासायला पापानिकोलाऊ यांनी विसाच्या दशकात सुरुवात केली. अशाच एका काचपट्टीवर त्यांना वेड्यावाकड्या आकाराच्या, अवाजवी मोठ्या आणि गडद केंद्रकाच्या पेशी दिसल्या. त्या स्त्रीला गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. आपल्या संशोधक आयुष्यातील सर्वात रोमांचक अनुभवांपैकी तो एक होता, असे ते पुढे सांगत. कर्करोगाची गाठ आपल्या पृष्ठभागावरून पेशी गाळत असते आणि त्या गळालेल्या पेशी, गाठीला हात न लावता, टिपता येतात, हा त्याचा अर्थ होता.

त्या काळची कर्करोगनिदानाची रीत समजून घेतल्याशिवाय या दाव्याचे धाडस ध्यानात येत नाही. शंकास्पद जागेचा तुकडा कापून घ्यायचा, तो फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून नेऊन त्यातले पाणी काढून टाकायचे, मग मेणात बसवायचा. मेणाचा तो ठोकळा मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर धरून मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवत काचेवर उचलायचे, मेण विरघळवायचे आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या जोडीने रंगवायचे. केंद्रके निळीजांभळी, बाकीचा भाग गुलाबी. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज हेच चालते. शस्त्रक्रिया चालू असतानाच उत्तर हवे असेल तर ऊती गोठवून काप काढण्याची पद्धतही आली होती. मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी १९०५ मध्ये ती रूढ केली. या सर्व पद्धतींत रोगनिदानतज्ज्ञ ऊतींची रचना पाहतो. पेशींच्या थरांची शिस्त कुठे मोडली आहे, रोग खालच्या थरात घुसला आहे का, हे त्या रचनेवरून ठरते. वाड्याची पडझड पाहायला उभा वाडा समोर लागतो. पापानिकोलाऊ मात्र अंगणात पडलेल्या चार विटा दाखवून वाडा ढासळत असल्याचे सांगत होते.

जानेवारी १९२८ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे एका परिषदेत त्यांनी हा निष्कर्ष मांडला. ती परिषद ‘वंशसुधारणे’च्या पुरस्कर्त्यांची होती, ही त्या काळाच्या अमेरिकी विज्ञानाची एक अप्रिय खूण. कर्करोगनिदानाचा नवा मार्ग जाहीर करायला याहून गैरसोयीचे व्यासपीठ शोधूनही सापडले नसते. पण थंड प्रतिसादाचे खरे कारण वेगळे होते. गर्भाशयमुख हे सहज पोहोचता येण्याजोगे आहे. शंका आली तर तुकडा काढून तपासता येतो. मग सुट्या पेशींच्या मागे कशाला लागायचे, असा तज्ज्ञांचा सवाल होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. शंका आल्यानंतर निदान करायचे असेल तर तुकडा श्रेष्ठच. शंका येण्याआधी, लक्षणे नसताना, धडधाकट दिसणाऱ्या हजारो स्त्रियांतून चार-दोन जणी हुडकायच्या असतील तर प्रत्येकीचा तुकडा काढता येत नाही, हा मुद्दा त्या वेळी कोणाला फारसा भिडला नाही. निरोगी माणसांची चाळणी करण्याची कल्पनाच अजून रुजायची होती.

याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश या डॉक्टरांनीही स्वतंत्रपणे असाच शोध लावला होता. १९२७ मध्ये त्यांनी तो बुखारेस्टला मांडला आणि १९२८ मध्ये फ्रेंच नियतकालिकात छापला. आधी कोण, हा वाद त्या दोघांच्या देशबांधवांनी आवडीने जोपासला आहे. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही पद्धतींत मोठे अंतर होते. बाबेश पेशी काचेवर पसरून वाळू देत आणि मग रक्ताच्या तपासणीसाठी वापरला जाणारा रंग चढवत. पापानिकोलाऊ यांचा पहिला नियम होता, काच वाळता कामा नये.

यातले मर्म बारीक आहे. पसरलेला स्राव हवेत वाळला की पेशी चपट्या होतात, केंद्रक फुगते, आतली रंगसूत्रद्रव्याची नक्षी पुसट होते. केंद्रक मोठे झाले आहे का आणि त्याची नक्षी बिघडली आहे का, हीच तर कर्करोगाची ओळख. म्हणजे क्षणभराच्या दिरंगाईने निरोगी पेशी संशयास्पद वाटू शकते आणि रोगट पेशीचा पुरावा विरघळून जाऊ शकतो. म्हणून नमुना पसरताच, तो ओला असतानाच, काच अल्कोहोल आणि ईथर यांच्या समभाग मिश्रणात बुडवायची. पेशी होती त्या रूपात गोठून राहते.

दुसरी अडचण रंगाची. योनिमार्गाच्या स्रावात पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात, मध्ये श्लेष्मा असतो, कधी रक्त असते. नेहमीच्या रंगाने हा सगळा गोळा दाट आणि अपारदर्शक होतो. पापानिकोलाऊ यांनी केंद्रकासाठी हिमॅटॉक्सिलिन कायम ठेवले आणि पेशीद्रवासाठी अल्कोहोलमध्ये विरघळवलेले रंग निवडले. ऑरेंज जी, इओसिन, लाइट ग्रीन, बिस्मार्क ब्राउन. अल्कोहोलमुळे पेशीद्रव काचेसारखे पारदर्शक राहते आणि वरच्या पेशीतून खालचीही दिसते. पक्व पेशी नारिंगी-गुलाबी, अपक्व पेशी हिरव्या-निळ्या. वर्षानुवर्षे प्रमाणे बदलत, वेळा बदलत हे रंजन बसवले गेले आणि १९४२ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात त्याची कृती प्रसिद्ध झाली. पदार्थ साधे आणि हाताशी असणारे. करामत साऱ्या क्रमात आणि वेळेत. ज्या गृहिणीला पाकाची तार कधी धरते हे कळते, तिला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मधल्या काळात, जवळजवळ दहा वर्षे, कर्करोगाचा विषय त्यांनी बाजूला ठेवला होता. तो पुन्हा हाती आला १९३९ नंतर, विभागाला जोसेफ हिन्सी हे नवे प्रमुख लाभल्यावर. स्टॉकार्ड यांना या कामात फारसे स्वारस्य नव्हते. हिन्सी यांनी मात्र पापानिकोलाऊ यांना सर्व वेळ कर्करोगाच्या पेशींवर देण्यास सांगितले. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट सहकारी म्हणून मिळाले. यॉर्क अव्हेन्यूवरील नव्या इमारतीत कॉर्नेल आणि न्यूयॉर्क हॉस्पिटल आता शेजारी-शेजारी होते. स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा नमुना घेण्याचा शिरस्ता ठरला. शंका असो वा नसो, सगळ्यांचा. तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या काचपट्ट्या तपासल्या गेल्या. ज्यांची कसलीही तक्रार नव्हती, ज्यांच्या गर्भाशयमुखावर डोळ्यांना काही दिसत नव्हते, अशा काहींच्या काचेवर कर्करोगाच्या पेशी मिळाल्या आणि पाठोपाठ काढलेल्या तुकड्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. १९४१ साली दोघांचा लेख आला आणि १९४३ साली पुस्तक.

१९४१ हे वर्ष मराठी वाचकांना आणखी एका कारणाने लक्षात ठेवता येईल. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले ते याच वर्षी, आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उचलली. भारतातील कर्करोगाच्या ऊतीतपासणीची परंपरा तिथून उभी राहिली. न्यूयॉर्क आणि परळ यांची गाठ पुढे एका अनपेक्षित ठिकाणी पडायची होती.

१९४३ च्या पुस्तकाची एक बाजू आजही मन खिळवून ठेवते, ती म्हणजे त्यातील चित्रे. रंगीत छायाचित्रण तेव्हा पुरेसे विश्वासार्ह नव्हते. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या पेशी हाशिमे मुरायामा या जपानी वंशाच्या चित्रकाराने जलरंगांत उतरवल्या. हा कलावंत पूर्वी ‘नॅशनल जिओग्राफिक’साठी मासे आणि वन्यजीव रंगवत असे. युद्ध सुरू झाल्यावर शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध करण्यात आले. त्याच्या सुटकेसाठी पापानिकोलाऊ यांनी खटपट केली आणि काम पुढे चालू राहिले. स्वतः परका म्हणून या देशात आलेल्या माणसाने दुसऱ्या परक्यासाठी शब्द टाकला. त्याबद्दल त्यांच्या चरित्रात क्वचितच सविस्तर लिहिले जाते. मुरायामा यांच्या चित्रांवर डॉक्टरांच्या आणि तंत्रज्ञांच्या कितीतरी तुकड्यांची नजर तयार झाली. १९५४ साली आलेल्या पापानिकोलाऊ यांच्या मोठ्या ॲटलासमध्येही ती परंपरा पुढे गेली.

कारण नजर हीच आता खरी गरज होती. काच तयार करणे शिकवता येते, पण एका काचेवरच्या हजारो पेशींतून चार विकृत पेशी हुडकणे हे वेगळेच कसब. दिवसातून दहा काचा पाहायच्या तर डॉक्टर पुरतात. लाखो काचा पाहायच्या तर पुरत नाहीत. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात पापानिकोलाऊ यांनी अभ्यासक्रम सुरू केले आणि पेशीतंत्रज्ञ हा नवाच पेशा उदयाला आला. त्यात स्त्रियांचा भरणा मोठा होता. १९४७ साली कॅनडातील अर्नेस्ट एअर यांनी लाकडी चमचीने थेट गर्भाशयमुखावरून पेशी खरवडून घेण्याची रीत आणली. त्यामुळे काचेच्या नळीने स्राव ओढून घेण्यापेक्षा नमुना सरस मिळू लागला. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने चाचणीचा प्रचार हाती घेतला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी स्त्रियांचा हा एक प्रमुख मारेकरी होता. पन्नासच्या दशकानंतर त्याच्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. अर्थात ही घट सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण आजही अधिक आहे.

या यशाची दुसरी बाजू महाराष्ट्रात उघड झाली. ज्या देशांत प्रयोगशाळा, प्रशिक्षित डोळे आणि रुग्णाला पुन्हा बोलावण्याची यंत्रणा आहे, तिथेच पॅप चाचणी फळते. तालुक्याच्या गावात काच वेळेवर अल्कोहोलमध्ये पडली नाही, अहवाल महिन्याने आला, तोवर बाई ऊसतोडीला निघून गेली, तर साऱ्या रंजनाचा उपयोग शून्य. १९९९ साली टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, एक प्रचंड अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया त्यात होत्या. काही गावांत पॅप चाचणी, काहींत सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, काहींत या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, आणि काहींत नेहमीचीच व्यवस्था. २००९ साली निष्कर्ष आले. विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. पॅप चाचणीच्या गटात लक्षणीय घट दिसली नाही. जगभरच्या आरोग्ययंत्रणांनी विषाणूचाचणीकडे वळताना या गावांचा दाखला दिला. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियलने केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, जेमतेम दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी ॲसिटिक ॲसिडने केलेल्या तपासणीमुळेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हा पॅप चाचणी हाच एकमेव मार्ग, असा आग्रह आज कोणी धरत नाही. तरीही विषाणू सापडलेल्या अनेक स्त्रियांचा पुढचा नमुना काचेवरच जातो आणि त्याच हिमॅटॉक्सिलिन-ऑरेंज जीच्या क्रमातून बाहेर पडतो.

पापानिकोलाऊ यांना १९५० साली लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले. ते पदरात पडले नाही. मृत्यूनंतर ग्रीसने दहा हजार ड्राख्माच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले आणि अमेरिकेने १९७८ साली टपाल तिकीट काढले. हयातीत मात्र त्यांची दिनचर्या क्वीन्समधील डग्लस्टनचे घर आणि मॅनहॅटनची प्रयोगशाळा एवढ्याच दोन टोकांमध्ये फिरत राहिली. आठवड्यातले सहा-सात दिवस काम. सत्तरी उलटल्यावरही त्यांना निवृत्तीचा विचार शिवला नाही. स्वतःची संशोधन संस्था असावी, ही मात्र जुनी इच्छा होती.

१९६१ च्या अखेरीस, वयाच्या ७८ व्या वर्षी, ती इच्छा पुरी होण्याच्या बेताला आली. मायामी येथील कर्करोग संस्थेची जबाबदारी स्वीकारून पापानिकोलाऊ दांपत्य न्यूयॉर्क सोडून फ्लोरिडाला गेले. जवळजवळ अर्धशतक एकाच महाविद्यालयात घालवलेल्या माणसाने इतक्या उशिरा नवा डाव मांडला. तो मांडून जेमतेम तीन महिने होतात तोच, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. न्यू जर्सीतील क्लिंटन येथे त्यांचे दफन झाले. मायामीच्या संस्थेला नंतर त्यांचे नाव देण्यात आले.

मेरी परत न्यूयॉर्कला गेल्या नाहीत. बटणे लावण्यापासून सुरू झालेल्या त्यांच्या अमेरिकेतील आयुष्याला तोवर ४८ वर्षे झाली होती. पतीच्या नावाच्या त्या संस्थेशी त्यांनी आपले नाते शेवटपर्यंत राखले. १९८२ साली त्यांचे निधन झाले.